तो बोअर फेल नव्हता

आमच्या गावात शाळेच्या मागं, गायरानाच्या कडेला एक लोखंडी पाईप जमिनीतून गुडघाभर वर आलेला आहे. भोवती सिमेंटचा छोटा चौथरा, वर टोपण. गाव त्याला ‘सरकारी फेल बोअर’ म्हणतं. सरकारनं बोअर घेतला, मोटार बसवली नाही, हातपंप बसवला नाही, म्हणजे फेलच गेला असणार, असा सगळ्यांचा हिशेब.

मी शाळेत होतो तेव्हा त्या टोपणाची कडी कुणीतरी तोडली होती. मधल्या सुट्टीत आम्ही पोरं त्यात खडे टाकायचो. खडा सोडायचा, पाईपला कान लावायचा आणि ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत भराभर आकडे मोजायचे. दिवाळीच्या सुमारास आकडे कमी भरायचे, परीक्षेच्या दिवसांत जास्त. आमच्यासाठी तो खेळ होता. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की तो बोअर फेल नव्हताच. पाणी काढण्यासाठी तो कधी खणलाच नव्हता. जमिनीखालचं पाणी किती खोल गेलं, कितीनं वर आलं, हे मोजण्यासाठी तो होता. त्याला पिझोमीटर म्हणतात. म्हणजे आम्ही खेळत होतो तेच त्या पाईपचं खरं काम होतं, आणि खेळता खेळता आम्हीच तो खड्यांनी बुजवत होतो.

आज लिहायचं आहे ते या नळीबद्दल. बीड जिल्ह्यात पाण्यावर जेवढं बोललं जातं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावर बोललं जात असेल. टँकर, धरण, जायकवाडीचा वाटा, बोअर, ऊस, सगळ्यावर आपण तावातावानं बोलतो. पण पाणी मोजतं कोण, कसं, कधीपासून, आणि तो आकडा जातो कुठं, यावर आपण बोलत नाही. जरा लांबचं आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी साधी गोष्ट. जमिनीखाली पाणी काही तळ्यासारखं साचून राहिलेलं नसतं. ते मातीच्या कणांमधल्या पोकळीत आणि खडकाच्या फटींमध्ये असतं, आणि वरच्या पाण्याच्या वजनामुळं दाबाखाली असतं. तिथंपर्यंत एक अरुंद नळी पोचवली, तर तो दाब जेवढा असेल तेवढ्या उंचीपर्यंत पाणी नळीत चढतं. दहा मीटर चढलं तर दाब दहा मीटर पाण्याएवढा. नळीतली उंची हाच दाबाचा आकडा. बाकी सगळी यंत्रं, तारा, बॅटऱ्या ही याच गोष्टीची सुधारलेली रूपं. ‘पिझो’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ दाबणे.

नळीत पाणी चढवून दाब बघायची युक्ती डॅनियल बर्नुलीनं अठराव्या शतकात वापरली. त्याचा द्रवगतीवरचा ग्रंथ १७३८ साली छापून आला. १८५६ मध्ये हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूतून पाणी किती वेगानं झिरपतं याचा नियम मांडला. दोन ठिकाणच्या नळ्यांतल्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक, त्या प्रमाणात पाणी वाहतं. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं याचा हिशेब आजही याच नियमावर उभा असतो.

पण आपल्याकडं विहिरीचं मोजमाप त्याच्याही आधीपासून होतं. जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगायची. हात वर करून उभा राहिलेला पुरुष, एवढं ते माप. ‘सहा परस विहीर, उन्हाळ्यात दीड परस पाणी’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं समजायचं. विहिरीच्या बांधकामात एखादा दगड पुढं आलेला असतो. पाणी त्या दगडाच्या खाली गेलं की उन्हाळी भुईमूग करायचा नाही, हे घरातल्या बाईलासुद्धा ठाऊक असायचं. मोजणी होती, नोंदवही नव्हती. नोंद माणसाच्या डोक्यात असायची आणि माणसाबरोबरच जायची.

बीडकरांना खजाना बावडी वेगळी सांगायला नको. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवून घेतली. रचना राजा भास्कर या जाणकाराची, असं सांगितलं जातं. आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी बोगद्यांवाटे विहिरीत येतं आणि दुसऱ्या बोगद्यातून उताराच्या शेतांकडं निघून जातं. मोट नाही, मोटार नाही. जमीन कुठं किती उंच, पाणी कुठं किती दाबाखाली, याचा अंदाज असल्याशिवाय असलं काम होत नाही. त्या माणसाकडं दार्सीचा नियम नव्हता, पण पाण्याची उंची ओळखणारी नजर होती. आपण तिथं जातो, फोटो काढतो आणि ‘कधी आटत नाही’ एवढंच सांगून परत येतो. बाहेर जाणाऱ्या बोगद्याची पातळी ज्यानं ठरवली त्यानं विहिरीतून किती पाणी काढायचं याचीही मर्यादा घातली होती, हे कुणी सांगत नाही. बोगद्याच्या तळाखालचं पाणी आपोआप वाहून जाऊच शकत नाही.

आता धरणांकडं येऊ, कारण पिझोमीटर या शब्दाचा मोठा वापर तिथं सुरू झाला.

मातीचं धरण भरलं की पाणी त्याच्या पोटात शिरतंच. पूर्ण कोरडं मातीचं धरण जगात कुठंही नाही. प्रश्न असतो तो पाणी किती शिरलं आणि आत किती दाबानं बसलं, एवढाच. कार्ल टेर्झागी या अभियंत्यानं १९२०च्या दशकात ही गोष्ट नीट सूत्रात बसवली. १९२५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकापासून मृदायांत्रिकी हे वेगळं शास्त्र मानलं जाऊ लागलं. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं: मातीचे कण एकमेकांवर घट्ट दाबून बसलेले असतात म्हणून माती उभी राहते. पण कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की तो कणांना एकमेकांपासून दूर रेटतो. मातीचं वजन तेवढंच राहतं, पकड मात्र कमी होते. विहिरीत पोहताना आपलं अंग हलकं वाटतं आणि पाय तळाला नीट टेकत नाहीत, तसंच काहीसं. बाहेरून भराव तोच दिसतो, आतून त्याचे पाय सुटत चाललेले असतात.

हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मोजावं लागतं.

महाराष्ट्राला मातीच्या धरणाची भीती काय असते हे १२ जुलै १९६१ रोजी कळलं. आंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पुरं व्हायचं होतं आणि पावसाचं पाणी अडलं होतं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं. मोरीतून पाणी प्रचंड वेगानं जाऊ लागलं, हादरे बसले, वरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून माथा उंच ठेवायचा प्रयत्न केला. सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं जुनं खडकवासला धरणही फोडलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पानशेत केवळ मोजणी नसल्यामुळं फुटलं, असं म्हणणं चूक होईल. तिथं अपुरं काम आणि घाई हीच मोठी कारणं होती. पण त्यानंतर राज्यात मातीचा भराव आतून कसा वागतो हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, १९५९ मध्येच सुरू झाली होती. पुढच्या काळात धरणांत बसवायच्या उपकरणांचं काम याच संस्थेकडं वाढत गेलं. १९७९ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत मच्छू धरण फुटून मोरबी शहर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर धरणांच्या तपासणीसाठी वेगळ्या संघटना उभ्या राहू लागल्या, आपल्याकडची नाशिकलाच आहे.

आपल्या भागातली मोठी मातीची धरणं याच काळातली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. केज तालुक्यात धनेगावचं मांजरा धरण १९८०च्या आसपासचं. सिंदफणेवरचं माजलगाव धरण १९८७ साली पुरं झालं. माजलगावच्या भिंतीची लांबी साडेसहा किलोमीटरच्या घरात, उंची एकतीस मीटर. पैठणचा उजवा कालवा येऊन मिळतो ते हेच. साडेसहा किलोमीटर माती पाणी धरून उभी आहे आणि तिच्या खालच्या अंगाला गावं आहेत, हे एकदा मनाशी नीट म्हणून बघा.

अशा धरणात पिझोमीटर कसा बसवतात? मातीच्या धरणाच्या मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, साइटवरची माणसं त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं केसिंग. मागच्या बाजूला वाळूचा फिल्टर आणि दगडाचा टो, म्हणजे झिरपलेलं पाणी माती न नेता बाहेर पडावं. भराव चढत असतानाच ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या ठिकाणी पिझोमीटरची टोकं मातीत ठेवतात. जुन्या पद्धतीत त्या टोकाला सच्छिद्र दगडाची चकती असते. तिच्यातून पाणी आत येतं, माती येत नाही. टोकापासून दोन बारीक नळ्या निघतात आणि भरावातल्या चरांतून धरणाच्या मागच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या खोलीत येतात. तिथं दाबाचे काटे असतात. नळ्यांमध्ये हवाविरहित पाणी भरावं लागतं, कारण हवेचा एक बुडबुडा अडकला तरी काटा खोटं बोलतो. नव्या पद्धतीत टोकात एक ताणलेली तार असते. पाण्याच्या दाबानं पडदा हलतो, तारेचा ताण बदलतो, तिच्या कंपनाचा आकडा बदलतो आणि तो वायरवाटे बाहेर वाचता येतो.

सगळ्यात अवघड काम यंत्राचं नाही, राखणीचं आहे. वरून रोलर फिरत असतो, टिप्पर येत असतात. चर नीट दाबून भरला नाही तर नळीच्या कडेनंच पाण्याला वाट मिळते, आणि धरण तपासायला ठेवलेली वस्तूच धरणाचा कच्चा दुवा होते. नळी एकदा चेपली की वर पंचवीस मीटर माती चढल्यावर ती कोण दुरुस्त करणार? म्हणून चांगला अभियंता त्या दिवशी स्वतः खड्ड्यात उतरतो. आणि बसवलेल्या यंत्राचा एकटा आकडा फारसा कामाचा नसतो. धरण भरलं तेव्हा किती, रिकामं झालं तेव्हा किती, मागच्या वर्षी याच पातळीला किती, ही रांग लागली की अर्थ कळतो. पाणी तेवढंच असताना मागच्या अंगाच्या नळीतला दाब वर्षागणिक चढत असेल, तर आत काहीतरी बदललंय.

जिथं अशी नजर नसते तिथं काय होतं, तेही आपण पाहिलंय. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. लहानसं मातीचं धरण. वाडी झोपेत वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळती होतेय अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. माणसांचे डोळे हेही उपकरणच असतं, त्याचं वाचन कुणी लिहून घेतलं नाही तर तेही फुकट जातं.

बीड शहराला वेगळा अनुभव आहे. २३ जुलै १९८९ चा बिंदुसरेचा पूर जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतो. म्हणजे नदीनं घरात शिरणं आणि नळाला महिनाभर पाणी नसणं, दोन्ही या जिल्ह्यानं बघितलंय.

आता दुसरी गोष्ट, गायरानातल्या आमच्या पाईपची.

मराठवाड्यात विहिरी पूर्वी हातानं खणल्या जायच्या. सुरुंग लावून, दगड फोडून, तीस-चाळीस फूट. खालचा खडक बेसाल्ट, आपल्या बोलीत काळा पाषाण. बेसाल्टात पाणी फार मावत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमात, छिद्रांच्या थरात आणि फटींत जे असेल तेवढंच. म्हणून एका शेतात पाणी लागतं आणि बांधापलीकडं दगडाचा भुगा निघतो. बालाघाटच्या डोंगरावर, पाटोदा-आष्टीकडं, हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळानं चित्र बदललं. सलग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता, माणसं रोजगार हमीच्या खडी केंद्रांवर होती, विहिरी कोरड्या. त्याच काळात खडक फोडून खोल जाणारी हवेच्या दाबाची यंत्रं गावोगाव आली. हातपंपाच्या इतिहासात तर आपला भाग ठळक आहे. बीडच्या शेजारचं जालना आणि पलीकडचं सोलापूर, या दोन्ही ठिकाणी मिशनच्या माणसांनी आणि कारागिरांनी मजबूत हातपंप बनवले, ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ या नावांनी ते ओळखले गेले. त्यांच्यातूनच पुढं युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि जगभर गेला. दुष्काळी मराठवाड्यानं जगाला दिलेली ही एक वस्तू, आपण विसरून गेलोय.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७१ साली स्थापन झाली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर. तिच्या माणसांनी गावोगावच्या काही विहिरी निवडून निरीक्षण विहिरी ठरवल्या आणि वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजायला सुरुवात केली: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. हातात टेप, वहीत आकडा. तो परसातला हिशेब पहिल्यांदा कागदावर आला.

पण वापरातल्या विहिरीची एक अडचण असते. सकाळी मोटार चालली की दुपारी पातळी खाली. तुम्ही मोजता ते जमिनीचं पाणी की मोटारीचा परिणाम, कळत नाही. शिवाय उथळ विहीर कोरडी पडली की आकडाच संपतो, आणि पाणी खाली खाली जातच असतं. म्हणून मोजण्यासाठीच वेगळा बोअर हवा, ज्यातून कुणी थेंबभरही उपसा करणार नाही. १९९५ ते २००३ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्यानं जलविज्ञान प्रकल्पाचा पहिला टप्पा झाला. महाराष्ट्रासह दख्खनच्या राज्यांत असे पिझोमीटर मोठ्या प्रमाणावर खणले गेले आणि काहींमध्ये आपोआप पातळी नोंदणारी यंत्रं सोडली गेली.

हे बसवायचं काम दिसायला बोअरसारखं, पण हेतू उलटा. बोअरवाला पाणी लागेल तिथं जागा धरतो, इथं आजूबाजूला उपसा नसेल अशी जागा शोधतात. वरचा मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग पाईप घालतात आणि पाईपच्या भोवती पक्कं भरतात, नाहीतर पावसाचं वरचं पाणी पाईपलगत उतरून थेट आत जातं आणि आकडा फसवा येतो. कुठल्या खोलीला कुठला दगड लागला, पाणी कुठं आलं, याची नोंद ठेवतात. मातीच्या नरम थरात मोजायचं असेल तर सच्छिद्र टोकाभोवती वाळू आणि तिच्यावर बेंटोनाइटचा थर देतात. ही माती पाण्यानं फुगते आणि बुचासारखी बसते, म्हणजे नळी फक्त त्याच थराचं पाणी दाखवते. आर्थर कॅसाग्रांडे या टेर्झागीच्या सहकाऱ्यानं रूढ केलेली ही रीत आजही जवळपास तशीच चालते. शेवटी चौथरा, टोपण, कुलूप. आत केबलला बांधलेलं हातभर यंत्र पाण्यात लोंबकळतं, वरच्या पाण्याचा दाब मोजतं आणि ठरलेल्या तासांनी आकडा साठवतं.

आमच्या गावानं तिथं कुलूप बघितलं आणि ठरवलं, सरकारनं पाणी लपवलंय. मग कुणीतरी कडी तोडली. उरलेलं काम आम्ही पोरांनी केलं.

आता तो आकडा करतो काय, ते बघा. ऑक्टोबरची पातळी आधीच्या पाच वर्षांच्या ऑक्टोबरच्या सरासरीशी ताडून बघतात. किती मीटर घट आहे, पाऊस किती टक्के कमी झाला, यावरून पुढच्या महिन्यांत कुठल्या गावांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासेल याचा अंदाज काढतात. कुणाला जानेवारीतच, कुणाला एप्रिलनंतर. त्या अंदाजावर टंचाई आराखडा बनतो, म्हणजे टँकर, विहीर अधिग्रहण, नवे बोअर. तुमच्या आईला मार्चमध्ये घागर घेऊन कुठं उभं राहावं लागेल, याचा एक धागा त्या पाईपपर्यंत जातो.

आणि ऑक्टोबर म्हणजे काय, हे बीडच्या माणसाला विचारा. दसरा-दिवाळीच्या त्याच दिवसांत मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. एकीकडं टेप घेऊन माणूस पातळी मोजत असतो, दुसरीकडं गावातल्या गाड्या भरत असतात. ज्या गावाच्या विहिरीत पाणी टिकतं त्या गावातून कोयता कमी निघतो, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. पण पाणी टिकलं की नाही, हे मात्र आकड्याशिवाय कळत नाही. ‘यंदा बरं हाय’ या वाक्यावर रब्बी पेरणारे आणि फेब्रुवारीत पीक सोडून देणारे, दोघंही आपल्याच घरातले आहेत.

मोजणी नसली की माणूस खोली वाढवतो. दोनशे फुटाला लागलं नाही तर चारशे, चारशेला नाही तर सातशे. १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांना संरक्षण देणारा कायदा आला. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला, म्हणजे साधारण दोनशे फुटांपुढं, बंधनं आहेत. आपल्या शिवारात दोनशे फुटांचा बोअर आज कुणी सांगितला तर लोक हसतील. कायदा कागदावर साठ मीटरला थांबला, ड्रिल थांबली नाही. मी इथं शेतकऱ्याला दोषी धरत नाही. वाळणाऱ्या मोसंबीकडं बघत ज्यानं कर्ज काढून तिसरा बोअर घेतला, त्याला पाणी खाली किती आहे हे कुणी दाखवलंच नव्हतं. शेजाऱ्याच्या बोअरमधली धार एवढाच त्याचा पिझोमीटर.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ती रेल्वे देशभर गाजली. धरण मात्र बीड जिल्ह्यातलं आणि धरणाकाठच्या आपल्या गावांच्या विहिरीही कोरड्याच होत्या, ते कुणी दाखवलं नाही. तीन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, केंद्राची अटल भूजल योजना सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या हाती मोजणीची साधनं द्यायची, गावाचा पाण्याचा ताळेबंद गावानंच मांडायचा, अशी तिची कल्पना. महाराष्ट्रातले तेरा जिल्हे त्यात घेतले. शेजारचे अहमदनगर, जालना, लातूर, धाराशिव त्यात होते. बीड नव्हता. निवडीचे निकष काहीही असोत, या जिल्ह्यातून त्यावर आवाज उठायला हवा होता. आपण तेव्हा कशावर भांडत होतो, ज्यानं त्यानं आठवावं.

तर आता करायचं काय? मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. चार साध्या गोष्टी आहेत.

एक, तुमच्या शिवारात असा टोपणाचा पाईप असेल तर तो ओळखा. त्यात दगड पडू देऊ नका, पोरांना सांगा. त्यात मोटार सोडा म्हणून मागणीही करू नका. त्यातून उपसा सुरू झाला की तो मोजायच्या कामातून गेला. कुलूप तुटलं असेल तर ग्रामपंचायतीनं लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

दोन, ऑक्टोबरचा आणि मेचा आकडा ग्रामसभेत मागा. आपल्या भागातल्या निरीक्षण विहिरीची पातळी ही गुपित गोष्ट नाही. मागच्या पाच वर्षांचे आकडे शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहायला कितीसा खर्च येतो? रब्बीत गहू करायचा की हरभरा, हे त्या भिंतीकडं बघून ठरू द्या.

तीन, वापरात नसलेली एखादी जुनी विहीर गावानं स्वतः धरावी. दोरी, वजन आणि टेप, एवढंच सामान. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी, सकाळी, आजूबाजूच्या मोटारी सुरू व्हायच्या आत मोजायचं आणि वहीत तारखेसह लिहायचं. आठवी-नववीची पोरं हे आनंदानं करतील. आम्ही तर खड्यांनी करत होतो.

चार, धरणाखालच्या गावांसाठी. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. ठराविक उंचीच्या वरच्या धरणांत उपकरणं बसवणं, त्यांच्या नोंदी ठेवणं आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार करणं ही धरण ज्याचं त्याची जबाबदारी या कायद्यानं ठरवलेली आहे. आपल्या वरच्या धरणात किती पिझोमीटर बसवले होते, त्यातले किती आज चालतात, शेवटचं वाचन कधी घेतलं, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. यात कुणावर आरोप नाही. घराच्या वर साडेसहा किलोमीटर मातीची भिंत असलेल्या माणसानं विचारायचे हे साधे प्रश्न आहेत.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा शाळेमागं जाऊन आलो. चौथऱ्यावर कुणीतरी शेंगा वाळत घातल्या होत्या. टोपण होतं, कुलूप नव्हतं. शेजारी बसलेल्या आप्पांना म्हटलं, आप्पा, हा बोअर फेल नाही बरं का, हा पाणी मोजायचा आहे. ते म्हणाले, “मग इतकी वर्षं कुणी आम्हाला सांगितलं का नाही, की पाणी कुठवर आलंय?”

मी टोपण उचललं. एक खडा सोडायचा मोह झाला, पण खिशातून दोरी काढली. आधीच पुडीत एक नट बांधून नेला होता. नट खाली जाताना आप्पा उठून जवळ आले आणि वाकून बघू लागले. दोरी पाण्याला न लागताच मध्येच सैल पडली. खाली पाणी नव्हतं, दगड होते. त्यातले काही माझे.